आदल्या दिवशीची येळवस

त्या वर्षीची येळवस मी एक दिवस आधीच उरकायला लावली. राबली माय, थकला दादा. माझ्याकडं फक्त चूक होती.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडं येळवस म्हणतात. सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप उभारून तिच्यात चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव, मांडायचे. काळ्या आईला भज्जी, उंडे, आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा. आणि मग बांधावरून जाणाऱ्या कुणालाही हाका मारून जेवायला बसवायचं. माझ्या मायला पोथी वाचता येत नव्हती. देवळातही ती क्वचितच जायची, कारण देवळात जायला सवड लागते. वडील गेल्यावर तिनं औत धरलं, पाभर धरली, आम्हा दोघा भावांना वाढवलं. पेरताना पहिली मूठ सोडायच्या आधी ती वाकून मातीला हात लावायची आणि तोच हात कपाळाला. तिची सगळी पूजा एवढीच. पण येळवशीचा नैवेद्य मात्र लग्न होऊन आल्यापासून तिनं एकदाही चुकवला नव्हता.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि मी तिथल्या एका कचेरीत कारकून लागलो होतो. नव्या जिल्ह्याचा नवा कारकून. दोघांचीही छाती जरा जास्तच फुगलेली. गावाकडं, उदगीरच्या पलीकडं, पावसानं पाठ फिरवलेली. गावातली विहीर आटली म्हणून माय आणि दादा जनावरं घेऊन शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्याच्या छपरातच, राहायला गेले होते. गावात जाणं-येणं नाही, तिथीवाराचा पत्ता नाही. मायनं निरोप धाडला, ‘येळवस कवा हाय ते साहेबाला बघून सांगाय सांगा.’ साहेब म्हणजे मी. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात ‘अमावास्या’ एवढा शब्द पाहिला आणि तोच दिवस कळवून टाकला. ती त्या दिवशी दुपारनंतर लागते आणि येळवस दुसऱ्या दिवशी, हे खाली बारीक अक्षरात होतं. बारीक अक्षरं वाचायची मला तेव्हा गरज वाटत नसे.

नैवेद्यासाठी मायनं किती महिने मूठमूठ डाळ, चिमूटचिमूट तीळ बाजूला ठेवले होते, ते मला तिथं गेल्यावर कळलं. हिरवा वाटाणा नाही, तुरीच्या शेंगा नाहीत, तरी तिनं कुठून तरी हरभऱ्याचा पाला मिळवून भज्जी केली होती. आंबिलाचं मडकं डोक्यावर घेऊन ती पुढं, मागं आम्ही. ज्वारी गुडघ्याएवढी येऊन वाळलेली. शिवारात चिटपाखरू नाही. दादा म्हणाला, “कुठंच कोप दिसंना रे.” मी म्हणालो, “दुष्काळात कोण करतंय!”

तेवढ्यात शेजारचे बाबूमामा म्हैस पाण्याला घेऊन निघाले होते. पांडव मांडलेले बघून ते थांबले. “आक्का, हे काय करायलाव? येळवस उद्या हाय की!” माय माझ्याकडं बघायला लागली. मी आभाळाकडं. बाबूमामा हसता हसता बांधावरच खाली बसले. “साहेबानं आमोशा बदलली!” म्हणत ते म्हशीमागं गेले, आणि बराच वेळ त्यांचं हसू लांबून ऐकू येत राहिलं.

दादा शांतपणे म्हणाला, “झाकून ठेव माय. थंडी हाय, नासणार न्हाई. उद्या दाखवू.” मायनं मान हलवली आणि मडक्याला फडकं बांधायला घेतलं. तेव्हा ते लोक आले.

एक म्हातारी, तिची सून, सुनेच्या काखेत लेकरू आणि मागं एक म्हातारा. सीमेपलीकडचे, कर्नाटकातले होते. म्हाताऱ्यानं ओंजळ करून नुसतं “नीरू, नीरू” म्हटलं. मायनं पाणी दिलं. ओंजळ धरलेली म्हातारीची बोटं चिंध्यांनी बांधलेली होती. मायनं तो हात धरून उलटा केला, चिंधी जराशी सरकवून बघितली. बहात्तरच्या दुष्काळात दुष्काळी कामावर तिनंही खडी फोडली होती.

तिनं मडक्याचं फडकं सोडलं.

“माय, उद्या देवाला काय दाखवशील?” दादा कळवळून म्हणाला. घरात दुसरं काही उरलं नव्हतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. माय क्षणभर त्या पाच दगडांकडं बघत राहिली. तिचे ओठ हलले. मग म्हणाली, “उद्याचं उद्या,” आणि त्यांच्याकडं वळून “ऊटा माड्री,” जेवा म्हणाली. तिला येत होतं तेवढ्या कानडीत. ते जेवले. मडकं पुसून जेवले. जाताना म्हातारीनं मायच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी म्हटलं. त्याचा अर्थ मायनं मला कधी सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी माय आंघोळ करून मडक्यात नुसतं पाणी घेऊन शेतात गेली. पांडवांपुढं ते ठेवलं आणि हात जोडून बसली. तिच्या चेहऱ्याकडं बघायची माझी हिंमत होईना. शहाणपण करायला लातुराहून आलो होतो आणि आयुष्यभर न चुकलेला तिचा नैवेद्य चुकवून बसलो होतो.

मग बांधापलीकडून हसण्याचा आवाज आला. बाबूमामा पुढं, त्यांच्यामागं सगळं शिवार. “आमोशा बदलणारा साहेब कुठं हाय? बघू तरी!” मामांनी रात्रीतून अख्ख्या गावाला सांगितलं होतं. पण येळवशीच्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात कुणी रिकाम्या हातानं जात नाही. कुणी धपाटं आणलं, कुणी वाटीभर खीर, कुणी तांब्याभर आंबील. दुष्काळात कुणाकडंच जास्त नव्हतं. सगळ्यांनी थोड्यातलं थोडं आणलं होतं. माझी टिंगल करत करत लोक पांडवांपुढं ठेवत गेले, ठेवत गेले, आणि कोपीत जागा उरली नाही. मायनं पदर पसरला. ती रडत होती की हसत होती, मला आजही सांगता येणार नाही. दादा आंबील शिंपडत, येळवशीची “ओलगे, ओलगे” आरोळी देत शेताला फेरी घालायला निघाला, आणि माझ्या मागं पोरं ओरडत होती, “साहेब, दिवाळी कवा हाय?”

माय जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिनं देवाकडं काही मागितलेलं मी ऐकलं नाही. हातातलं ती देऊन टाकायची आणि पुढचं त्याच्यावर सोडून कामाला लागायची. मला हे सोडणं जमलेलं नाही. मी अजून बारीक अक्षरं दोनदोनदा वाचतो. पण कधी काही फार बिनसलं, तर ते पाणी भरलेलं मडकं आणि त्यापुढं जोडलेले हात आठवतात, आणि जीव जरा थाऱ्यावर येतो. ती माझी माय होती, एवढ्यासाठी मी देवाचा कायमचा ऋणी आहे.

तिच्या वर्षश्राद्धाला आम्ही दोघं भाऊ त्याच बांधावर बसलो होतो. मी म्हणालो, “दादा, ती चूक माझी नव्हतीच बघ. देवानंच माझ्या हातून करवून घेतली.”

दादानं तंबाखू मळता मळता माझ्याकडं पाहिलं.

“देवावर ढकलू नको. त्याला पंचांग कळतं.”