घट्टरावाची पट्टी

शहरातले निम्मे लोक त्याचं खरं नाव विसरले होते. सगळे त्याला घट्टराव म्हणत आणि म्हणताना हसत.

एके काळी तो बास्केटबॉल क्लबचा मालिशवाला होता. खेळाडूंचे घोटे, बोटं चिकटपट्टीने बांधावीत तर त्यानेच. फायनलला त्याने बायकोच्या धाकट्या भावाची दोन बोटं बांधली. सामन्याचे शेवटचे दोन फ्री थ्रो नेमके या मेव्हण्याच्याच वाट्याला आले. दोन्ही पडले असते तर कप आपला होता. दोन्ही हुकले.

"दाजींनी पट्टी फार घट्ट बांधली होती, बोटं बधिर झाली," मेव्हण्याने पत्रकारांना सांगितलं. "नंतर चिडून उपटून फेकली मी."

मग काय, बळीचा बकरा आयताच सापडला. क्लबने त्याला घरी बसवलं. पुढे क्लब विकला गेला, स्टेडियमचं गोदाम झालं, तेही पाप त्याच्याच माथी. आणि वाईट याचं, की त्यालाही ते पटलं होतं. घराच्या पुढच्या खोलीत तो लोकांचे लचकलेले हातपाय बांधून द्यायचा आणि दर वेढ्याला विचारायचा, "घट्ट तर नाही ना?" पट्टी इतकी सैल, की माणूस फाटकापर्यंत पोचेतो ती पायात यायची.

मनात मात्र तो रोज ती फायनल नव्याने खेळवायचा. तिथे पट्टी बेताची असायची, दोन्ही चेंडू जाळीतून खाली यायचे, क्लब तगायचा आणि लोक त्याला नावाने हाक मारायचे.

रविवारी दुपारी तो बायकोचं मुरगळलेलं मनगट बांधत होता. टीव्हीवर कार्यक्रम चालू होता, तो सामना जिंकला असता तर काय झालं असतं यावर. पाहुणा म्हणून मेव्हणाच बसलेला. आता मोठ्या क्लबचा प्रशिक्षक, अंगावर सूट.

"पट्टी सैल असती तर आज इतिहास वेगळा असता," मेव्हणा हसत म्हणाला.

मग कुणा प्रेक्षकाने तेव्हा घेतलेलं, कधीच न दाखवलेलं चित्रण लावलं. फ्री थ्रोच्या आधीची विश्रांती. मेव्हणा बाकावर बसून दातांनी पट्टी सोडवतोय, गोळा करून बाकाखाली चिकटवतोय. मग मोकळ्या बोटांनी उठून थ्रो मारायला जातोय.

पट्टी नव्हतीच! घट्टरावाचा हात थांबला. त्याने बायकोकडे पाहिलं. तिला नवल वाटलं नव्हतं. ती खाली बघत होती.

"तुला माहीत होतं?"

"त्याच आठवड्यात सांगितलं त्यानं. भीतीनं हात कापत होते म्हणाला. अहो, त्याचं सगळं आयुष्य पुढं होतं. तुम्ही सोसाल असं वाटलं."

मेव्हण्याचा दगा त्याने एक वेळ गिळला असता. आपल्या कातडीसाठी माणूस खोटं बोलतो. पण ही? 'जाऊ द्या, चूक कुणाच्या हातून होत नाही?' म्हणत इतकी वर्षं हिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता. तेवढ्या मायेवर तो जगला होता. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काहीतरी बोला ना," ती म्हणाली.

त्याने पट्टी ओढली. एकावर एक नीट वेढे दिले, पूर्वी द्यायचा तसे, आणि टोक अंगठ्याने दाबून बसवलं.

"घट्ट होतंय हो."

"असू दे," तो म्हणाला. "पट्टी अशीच बांधतात."