टाकीतला आठवा मासा

लहान टाकीत बटू सिक्लिड जातीचे मासे ठेवायचे असतील तर रंग सर्वांत शेवटी पाहावा. आधी पाणी पाहावे, मग तळ. हा क्रम मी स्वतः ठरवला होता आणि त्याचा मला अभिमान होता.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षे. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होऊन मी वर्ध्याच्या एका महाविद्यालयात तात्पुरती प्रात्यक्षिके घेत होते. केळझरजवळच्या आमच्या गावाहून रोज एस.टी.ने जाणे-येणे असे. नागपूरच्या एका प्राध्यापकबाई मला संशोधनाला घेण्यास तयार होत्या. पिल्लांच्या संगोपनात नर आणि मादी कामे कशी वाटून घेतात, हा माझा विषय होता. पण त्याआधी एका जोडीने माझ्या टाकीत पिल्ले वाढवलेली त्यांना प्रत्यक्ष पाहायची होती. बाबांचेही ठरलेले होते. "बाईनं घेतलं तर जाजो नागपूरले. नाई तर रोहण्याच्या पाहुण्यायले लग्नाचा होकार कळवतो."

टाकी मी मासे आणण्याच्या बऱ्याच आधी लावली. वाळू उकळून घेतली. हिंगणीच्या धरणाखालच्या ओढ्यातून पाणवनस्पती आणल्या आणि मुळांना बिलगलेल्या चिखलासकट लावल्या. मुळाची माती झटकली की रोप मान टाकते, हे वांगी-मिरच्या लावणाऱ्या घरात कोणाला शिकवावे लागत नाही.

नागपूरच्या दुकानदाराने प्रथम रॅमची जोडी दाखवली. मासा देखणा, पण त्याला मऊ पाणी लागते; आमच्या विहिरीचे पाणी काळ्या खडकातले, भांड्यांवर पांढरा थर धरणारे. एंजल फार उंच वाढतो. मी क्रिबेन्सिस घेतले. जड पाणी सोसणारे, बोटाएवढे, मादीच्या पोटावर पिकल्या करवंदाचा रंग. जोडी एकच, कारण त्या तळात दोन संसार मावले नसते. तळाशी राहणारा दुसरा मासा मुद्दाम टाळला आणि वरच्या पाण्यात सतत पळणारे पाच झेब्रा डॅनिओ घेतले. तळ जोडीचा, वरचे पाणी डॅनिओंचे. भांडणाला जागाच उरू नये, असा हिशेब.

"पत्रिका पाह्यल्या काय व यायच्या?" मोठी आई म्हणाली. "इतकं तर तुह्यासाठी बी कोणी पाहून नाई राह्यलं."

मोठी आई म्हणजे बाबांची थोरली वहिनी. मोठे बाबा गेल्यापासून ती घरात फारशी बोलत नसे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते आणि दिवसा तिला माणसांच्या नुसत्या सावल्या दिसत. दिवेलागणीच्या आधी ती टाकीपुढे पाट घेऊन बसे आणि बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत मासे मोजी.

"आठ हायेत."

"सात आहेत, मोठी आई."

"सात तुह्ये. एक आधीचा हाय."

आई स्वयंपाकघरातून हसली. मी हसले नाही, पण मोजून पाहिले. सातच होते.

पावसाळा सरता सरता मादीने नारळाच्या करवंटीत अंडी घातली. पिल्ले बाहेर पडली तेव्हा ती धुळीच्या पुंजक्यासारखी आईमागून तरंगत. मी बाईंना कळवले. त्यांनी येण्याचा दिवस ठरवला. आणि मग एका सकाळी डॅनिओ चारच दिसले.

मी जमीन तपासली, झाकणाची काच तपासली. उडी मारून पडला असता तर मुंग्यांनी सांगितले असते. पाण्यात ना शव होते, ना खवला. काही दिवसांनी तीनच उरले. पुस्तकांचे मत स्पष्ट होते: पिल्ले राखणारा नर शेजाऱ्यांना मारतो, त्याला बाहेर काढावे. पण नर काढला तर जोडी मोडणार, आणि जोडीबरोबर माझा विषयही. न काढला तर बाईंना दाखवायला काय उरेल, याची खात्री नव्हती.

मला अडवणारी गोष्ट एकच होती. नर डॅनिओंकडे पाहतही नव्हता. नर आणि मादी दोघेही उजव्या कोपऱ्याकडे तोंड करून, कल्ले फुगवून उभे राहत. त्या कोपऱ्यात वाळूशिवाय काहीही नव्हते. रिकाम्या जागेला धमकावणारे दोन मासे मी तासन्‌तास पाहिले. माझ्या कोणत्याही नियमात ते बसत नव्हते.

त्या संध्याकाळी नराला काढायचे ठरवून मी जाळी हातात घेतली आणि वीज गेली.

"आता थांब," मोठी आई म्हणाली. "आता येते तो."

"कोण येतो?"

"बस इथं. बोलू नको."

खोलीत फक्त खिडकीतला मावळता उजेड होता. मोतीबिंदू भिंगाच्या मधोमध असला की भर उजेडात कमी दिसते. अंधुक प्रकाशात बाहुली मोठी होते आणि कडेकडेने थोडे दिसू लागते. हे मला ठाऊक होते. मोठी आई दिव्याआधीच का मोजते, हे मात्र मी कधी त्याच्याशी जोडले नव्हते.

कोपऱ्यातली वाळू किंचित उचलली गेली. एक टोकदार नाक वर आले आणि त्याच्यामागे मोहरीएवढे दोन डोळे. मग वाळूच लांब होऊन बाहेर सरकत आहे असे वाटले. वीतभर, सापासारखे, आवाज न करता. जोडी हलली नाही. त्यांच्यामागे पिल्लांचा पुंजका घट्ट गोळा झाला होता. ते लांब शरीर काचेपाशी आले आणि मोठ्या आईच्या चेहऱ्यासमोर थांबले.

"पाह्य, पाहून राह्यला मले," ती हळूच म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. मला मात्र जाळी पाण्यात घालवेना.

ती वाम मासळी होती. मुळांच्या चिखलातून गवताच्या काडीएवढी आली असणार आणि माझ्याच टाकीत वाढली. दिवसभर वाळूत गाडलेली, उजेड उतरला की शिकारीला निघणारी. बाबांनी पाणी भरलेला पितळी गंज आणला, मी तिला जाळीत धरून त्यात सोडले.

"कुठं नेता त्याले?" मोठ्या आईने विचारले.

"जिथून आला तिथं, वहिनी," बाबा म्हणाले, आणि सकाळी सायकलवरून तिला ओढ्यात सोडून आले.

नर टाकीतच राहिला. बाई आल्या तेव्हा मादी पिल्लांना चारायला नेत होती आणि नर पहारा देत होता. बाईंनी बराच वेळ पाहिले, बारीक प्रश्न विचारले आणि चहा घेता घेता बाबांना म्हणाल्या, "मुलीला पाठवा." बाबांनी मान हलवली. रोहण्याचा विषय तिथेच संपला.

निघताना बाईंनी पुन्हा टाकीकडे पाहिले. दिवस कलला होता. नर आणि मादी कल्ले फुगवून उजव्या कोपऱ्याकडे तोंड करून उभे होते.

"तिकडे काय आहे?"

"सवय," मी म्हणाले. "कारण गेले, तरी प्रतिक्रिया काही काळ टिकते." उत्तर त्यांना पटले. ते बरोबरही असू शकते.

त्यांच्यामागे मोठी आई पाटावर बसून मोजत होती. टाकीत मोठे मासे पाच होते. तिचा अंगठा पाचव्या पेरावर आला आणि तिथे थांबला नाही.

नागपूरला जाण्याआधी तो कोपरा उपसून पाहायला मला भरपूर वेळ होता. मी वाळूला हात लावला नाही.