विचारलं की ऐकायचं

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांचे. त्या इंदापूरच्या. मी पणदऱ्याचा, घरातला पहिला पदवीधर, आणि पदवी कसली तर नर्सिंगची. नव्वदच्या दशकात आमच्याकडे पुरुष नर्स बघायला माणसं मुद्दाम वॉर्डात डोकावून जायची. बारामतीच्या एका मुलांच्या दवाखान्यात मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. पुढं ठेवायचं की घरी पाठवायचं, ते सिस्टर सांगणार होत्या.

त्यांचे नियम थोडेच होते. मुलाशी खोटं बोलायचं नाही. आईला बाहेर काढायचं नाही. आणि मुलाला काही विचारलं, तर त्याचं उत्तर ऐकायचं. या शेवटच्यात मी अडकलो.

सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्याजवळच्या कोप्यांवरून, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवरून, ऊसतोड कामगारांची एक लहान मुलगी आली होती. न्यूमोनिया. मी इंजेक्शन भरून नेलं आणि नर्सिंग कॉलेजात शिकलेल्या नम्रतेनं विचारलं, "देऊ का, बाळा?"

"नगं," ती म्हणाली.

तिच्या आईला मी हात धरायला सांगणार, तेवढ्यात मागून सिस्टर म्हणाल्या, "विचारलंस ना तू? मग ऐक आता."

"पण सिस्टर, डोसची वेळ झालीय."

"म्हणून तर ते विचारायचं नव्हतं. इंजेक्शन द्यायचंय, कुठल्या पायावर देऊ, असं विचारायचं. आता मनव तिला. डॉक्टर राऊंडला यायच्या आत."

नोकरी गेली, असंच मला वाटलं. वडिलांना काय सांगायचं, हे मी मनात जुळवायला लागलो. मग खाटेशेजारी बसलो आणि खरं तेच बोललो, "दुखतं गं थोडं. पण बरं वाटेल. काय केलं म्हणजे देऊ देशील?"

तिनं बराच विचार केला. "आमच्या बैलाला सुई देताना डागदर आदी थापा मारतू. तुला येत्यात का?"

"येत्यात की. आमच्यातबी बैल हायेत."

"मग मार. पर मी हंबरणार."

"हंबर की."

मी मांडीवर हलक्या थापा मारल्या, सुई दिली आणि पोरगी हंबरली. अशी हंबरली, की शेजारचा सलाईन लावलेला मुलगा हंबरला, मग पलीकडची दोघं, मग अख्खा वॉर्ड. तिच्या आईनं तोंडाला पदर लावला. मलाही राहवेना, मीही हंबरलो. आणि दारात डॉक्टर उभे.

"सिस्टर, हे काय चाललंय?"

"ब्रदर इंजेक्शन देतायत," सिस्टर मख्ख चेहऱ्यानं म्हणाल्या.

"आणि रडतंय कोण?"

"कोणीच नाही, सर."

तीन महिने भरायच्या आधीच सिस्टर निवृत्त होऊन इंदापूरला गेल्या. माझ्याबद्दल काय सांगून गेल्या, ते मला ऑर्डर हातात पडल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन मी पत्र टाकलं:

"आदरणीय सिस्टर,

सादर नमस्कार. मला कायम केलं. 'हा चुकतो, पण पोरांजवळ बसतो, ठेवा याला,' असं तुम्ही म्हणालात, हे डॉक्टरांनी सांगितलं. मी ते काल दिवसभर वॉर्डात सगळ्यांना ऐकवत फिरलो. शेवटी आयाबाई म्हणाल्या, ब्रदर, आता कामाला लागा. आबा गावात पेढे वाटतायत आणि पोरगा डॉक्टर झाला म्हणून सांगतायत. मी म्हटलं, आबा, नर्स. तर म्हणतात, 'व्हय, त्येच त्ये.' रविवारी आईला घेऊन येतोय. तिला तुम्हाला बघायचंय. दुपारच्या एसटीनं पोचू. जेवणाची खटपट करू नका, असं आईनं लिहायला सांगितलंय. मला मात्र भूक असेल.

आपला नम्र."