विस्तवकाकूंची चूल

काड्यापेटी घरोघर पोहोचण्यापूर्वी सकाळची चूल पेटत असे ती कशी, असे कोणी विचारले की त्या गल्लीतले जुने लोक एका दाराकडे बोट दाखवीत. तिथे विस्तवकाकू राहत. त्यांचे खरे नाव नवऱ्यानेसुद्धा फारसे उच्चारले नसेल. सोळाव्या वर्षी त्या या घरात सून म्हणून आल्या, ऐंशी उलटल्यावर गेल्या, आणि मधल्या सगळ्या काळात त्यांची चूल जळत राहिली.

त्यांची रीत ठरलेली होती. रात्री स्वयंपाक आटोपला की निखारे एकत्र ओढायचे, वर गोवरी ठेवायची आणि सगळे राखेखाली गाडून टाकायचे. सकाळी राख सारली की आत लाल डोळा उघडे. मग शेजारणी खापरे घेऊन येत आणि एकेक निखारा नेत. नेलेला विस्तव कोणी परत करायचा नाही, असा गल्लीचा शिरस्ता होता, कारण देणाऱ्याचे त्यात काही कमी होत नसे. काकूंना हा विस्तव सासूकडून मिळाला, सासूला तिच्या सासूकडून. त्याआधी तो कोणी पेटवला, हे विचारावे असे माणूसच उरले नव्हते.

पुढे काड्यापेट्या स्वस्त झाल्या आणि दाराशी येणारी खापरे दिसेनाशी झाली. काकूंनी मात्र काडीला हात लावला नाही. "माझ्या सासूच्या सासूनं जिच्यावर हात शेकले, त्याच आगीवर मी शेकते," त्या म्हणत. "काडीतून हे येईल का?"

एका हिवाळ्यात काकू तापाने अंथरुणाला खिळल्या आणि चूल नव्या सुनेच्या हाती आली. सून हौशी. सासूबाई उठतील तेव्हा त्यांना चूल लख्ख दिसावी, म्हणून तिने साचलेली सगळी राख उपसून बाहेर टाकली आणि रात्री निखाऱ्यांवर उरलीसुरली मूठभर भुरभुरली. पांघरूण नसलेली आग भराभर जळून संपली. सकाळी सुनेचा हात गार राखेत गेला; एकही निखारा उरला नव्हता.

"काडी ओढ की," नवरा कुजबुजला. "आईला काय कळणार आहे?"

"त्यांना नाही कळणार. मला कळेल ना!"

आतून क्षीण आवाज आला, "सूनबाई, चूल पेटली का गं?"

"पेटतेय, आई. लाकडं जरा ओली आहेत."

खापर शालीखाली लपवून ती बाहेर पडली. शेजारच्या शिंपीणबाई हसल्याच. "विस्तव? अगं, तो आता तुमच्याकडेच! आमची काडी दोनदा फुरफुरते आणि आमच्या ह्यांच्यासारखी गप्प बसते." पुढे लोहाराकडे विचारावे, तर त्याची भट्टीही रोज काडीनेच पेटत होती. आता गल्लीच्या टोकाचा पाववाला तेवढा राहिला.

तो लांब दांड्याच्या फळीने पाव बाहेर ओढत होता. सुनेने अडखळत विचारले, तशी त्याने फळी खाली ठेवली.

"आमच्या भट्टीनं काडी पाहिलेली नाही, वहिनी. आजोबांनी ही बांधली, तेव्हा काकूंच्या सासूबाईंनी घमेलंभर निखारे दिले होते. तेव्हापासून चालूच आहे. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा मला हिच्यापुढं बसवलं होतं. बायको अजून म्हणते, आधी हिच्याशीच लागलं तुमचं!"

सुनेने ओणवून आत पाहिले. दगडी कमानीखाली निखाऱ्यांचा ढीग मंद श्वास घेतल्यासारखा उजळत होता, काळवंडत होता. जी आग आपल्या हातून गेली असे वाटले, ती कधीची इथे येऊन राहिली होती. तिने किती पिढ्यांचे पाव भाजले होते, किती हिवाळे पाहिले होते! सुनेने नकळत हात जोडले.

पाववाल्याने फावड्याने खापर भरले. "चला, लेक माहेरी निघाली म्हणायची!"

घरी येऊन तिने फुंकर घातली. गोवरीने पेट घेतला, तोच भिंतीला धरत काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी जाळ पाहिला, मग घासलेली चूल पाहिली.

"राख कुठं गेली?"

सुनेने मान खाली घालून सगळे सांगितले. काकू हळूच खाली बसल्या आणि त्यांनी दोन्ही तळवे जाळासमोर धरले.

"पाववाल्याकडची?"

"हो."

"म्हणजे सासूबाईंनीच दिलेली." त्या जाळाकडे बघत म्हणाल्या, "आणि मी मेली समजत होते, मी एकटीच सांभाळतेय." त्यांनी पदराने डोळे पुसले. "आता बघत काय बसलीस? विस्तव आणलास, राख कोण आणणार? रात्री झाकायचं कशानं? जा, दोन टोपल्या माग त्याच्याकडे."

काकू त्या दुखण्यातून उठल्या आणि पुढे बरीच वर्षे जगल्या. त्यांच्या मागे चूल सुनेने राखली. घरात गॅसची शेगडी आली, त्या दिवशी केस पिकलेल्या सुनेने शेवटचे निखारे त्याच खापरात भरले आणि पाववाल्याच्या भट्टीत नेऊन ओतले.

"विस्तव परत करायचा नसतो, वहिनी," म्हातारा पाववाला म्हणाला.

"परत कुठं करतेय? सांभाळायला देतेय."

तेव्हा उसनी आणलेली दोन टोपल्या राख मात्र त्या घराकडून पाववाल्याला अजून जायची आहे.