दिल्लीत आमचं पाणी गाजलं

ज्यानं जन्मभर पोरांना नागरिकशास्त्र शिकवलं, त्यानं संसदेचं कामकाज टीव्हीवर पाहू नये. जिवाला त्रास होतो. मी जळगाव जामोद तालुक्यातल्या शाळेत 'शून्य प्रहर म्हणजे काय' हे फळ्यावर लिहून लिहून रिटायर झाले, आणि शेवटी त्याच शून्य प्रहरानं माझं डोकं फिरवलं.

आमच्या गावचं पाणी खारं. विहिरीचं खारं, बोअरचं त्याहून खारं. त्यात डाळ शिजत नाही आणि माणसाच्या किडन्या मात्र बरोबर शिजतात. गल्लीगल्लीत एक तरी पेशंट. आमच्या घरात माझी थोरली जाऊ. मी तिला ताई म्हणते. नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "आजी, गोडं पाणी प्याल तर निभावेल. बोअरचं प्याल तर डायलिसिसच्या मशीनवर जावं लागेल." ग्रामपंचायतीनं बसवलेलं पाण्याचं मशीन चार दिवस चाललं, आता त्या खोलीत कोंबड्या अंडी घालतात. जारवाला लग्नाची ऑर्डर आली की गावाकडं फिरकत नाही. म्हणजे उरला सरकारी टँकर. तो आला की ताई आधी आपली पिण्याची घागर भरून घेई, मग बाकीचं जग.

ताईचा थोरला, म्हणजे माझा पुतण्या, पुढाऱ्यांच्या मागं फिरणारा. स्वतः दोन लेकरांचा बाप, पण साहेबांचा फोन आला की ताटावरून उठतो. हे साहेब राज्यसभेतले, आमच्या भागाचे म्हणवणारे. पुतण्या चारचौघांबरोबर दिल्लीला गेला, साहेबांना आईची सगळी हकीकत सांगितली आणि एका सकाळी तिथूनच त्याचा फोन आला, "काकू, टीव्ही लावा! साहेब आपल्या पान्यावर बोलून राह्यले!"

मी ताईला हाताला धरून टीव्हीसमोर बसवलं. साहेब उभे राहिले. मागची बाकं अर्धी रिकामी, शेजारचा सभासद मोबाईल चाळत होता. साहेबांनी आधी सभापतींचे आभार मानले. मग आपल्या नेत्याचे. मग नेत्याच्या दूरदृष्टीचे. मग एक शेर म्हटला, पाणी आणि डोळ्यातलं पाणी असा काहीतरी. मग म्हणाले, "माझ्या भागात एक माता आहे..." ताईनं पदर सावरला. हो, टीव्हीसमोर! "मायंच सांगून राह्यले ना वं ते?" मी म्हटलं, तुमचंच. साहेबांनी रुमालानं डोळे टिपले. घंटी वाजली. "म्हणून माझी शासनाकडे अशी मागणी आहे की," एवढं बोलले आणि माईक बंद. ओठ हलत राहिले, आवाज काही येईना. पुढच्या सभासदाचं नाव पुकारलं गेलं.

संपलं! मागणी गेली घशात. शेर ऐकू आला, स्तुती ऐकू आली, आणि जे मागायचं होतं तेवढंच राहिलं. वर्गातल्या पोरानं प्रश्न सोडून नुसतं नाव-गाव लिहून पेपर दिला असता तर मी त्याला भोपळा दिला असता. इथं मात्र त्या तेवढ्याच तुकड्याला मागं ढोल लावून कार्यकर्त्यांनी गावभर मोबाईलवर फिरवलं.

पुतण्या परत आला तेव्हा मी त्याला दारातच धरलं. "अरे, मागणी कुठी हाय त्यात?"

"काकू, मुद्दा तं मांडला ना! दिल्लीत गाजलं आपलं पानी."

"गाजून काय करू? प्यायला पाह्यजे मले!"

"तुमाले तं सगळ्यातच खोट दिसते," म्हणाला आणि चहा न घेता निघून गेला.

आमच्याकडं एक खोड आहे. दिल्लीत कोणी आपलं नाव काढलं की काम झालंच म्हणून समजतात, आणि काम व्हायच्या आधी आभाराचा फ्लेक्स लागतो. फाट्यावर हा मोठा फ्लेक्स उभा राहिला: 'गावाचा पाणीप्रश्न संसदेत मार्गी लावल्याबद्दल साहेबांचे जाहीर आभार.' वर साहेब हात जोडून, खाली कार्यकर्त्यांच्या मुंड्यांची रांग, आणि मधोमध गोल चौकटीत, फुलांच्या नक्षीत, ताईचा फोटो.

आता आमच्या भागात म्हाताऱ्या बाईचा फोटो फुलांच्या गोलात लागतो तो एकाच कारणानं. एस्टीतून जाणाऱ्याला खालची अक्षरं कुठं वाचता येतात? दुसऱ्या दिवशी वडनेर भोलजीहून आमच्या नणंदा आल्या, फाटकापासूनच गळा काढत. ताई ओट्यावर तूर पाखडत होती. म्हणाली, "या, बसा. रडनं मंग, पयले च्या घ्या." सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं.

खरा दणका पुढं बसला. टँकर यायचा थांबला. मी आणि गावातल्या बाया मिळून तालुक्याला गेलो. तहसीलमधल्या अधिकाऱ्यानं आम्हाला बसा म्हटलं नाही. मोबाईलमधला आमच्याच फ्लेक्सचा फोटो समोर धरला. "प्रश्न मार्गी लागला असं तुम्हीच लिहिलंय. मग टँकर कशाला?"

मी म्हटलं, "साहेब, फ्लेक्स पिता येते काय?"

"मग लावला काऊन?" तो म्हणाला. लाजेनं आणि संतापानं माझे कान तापले. आपल्याच हातानं आपलं पाणी तोडलं आम्ही, वर हार-फुलं घालून! आणि दिल्लीत त्या दिवशीचं भाषण साहेबांच्या खात्यावर चर्चेतला सहभाग म्हणून जमा झालं असणार. ताई मात्र पुन्हा बोअरच्या पाण्यावर आली. जारवाला येईल त्या दिवशी गोडं, नाहीतर खारं. तिचे पाय सुजायला लागले.

अशात साहेबांचा गावात सत्कार ठरला. मारुतीच्या पारासमोर मंडप, शाल, श्रीफळ, बॅंड. पुतण्या सकाळीच घरी आला. "आई, साहेबाईले तूच ओवाळाचं. तुयामुळं भाषन गाजलं."

मला वाटलं ताई नाही म्हणेल. ती म्हणाली, "हाव, येतो ना." नवं लुगडं नेसली, सुजल्या पायात चपला जाईनात म्हणून अनवाणीच आली. मी तिच्यासोबत स्टेजवर चढले. तिनं साहेबांना कुंकू लावलं, ओवाळलं. साहेब वाकून म्हणाले, "आशीर्वाद द्या, माताजी."

ताई म्हणाली, "भाऊ, त्या दिशी तुमी मागनी करून राह्यले होते, तवा आवाज बंद झाला. मले आयकू नाई आलं. आता सांगा. इथं कोनी घंटी वाजवत नाई."

माईक जवळच होता, सगळ्या मंडपानं ऐकलं. साहेब हसले. मग हसू तसंच ठेवून त्यांनी मागं आपल्या पीएकडं पाहिलं. पीएनं मोबाईल काढला आणि शोधायला लागला. आम्ही उभ्या. साहेब घाम पुसत म्हणाले, "अं... पाण्याबद्दलच होती." मंडपात मागं कोणीतरी फिदकन हसलं. पुतण्यानं मान खाली घालूनच बॅंडवाल्याला 'वाजव' म्हणून हात केला.

ताईनं ताट माझ्या हातात दिलं. साहेबांसमोर टेबलावर पाण्याची सीलबंद बाटली होती. तिनं ती उचलली.

"हे मी नेतो," ती म्हणाली. "मायी गोळी घ्याची राह्यली."

आणि ती पायऱ्या उतरून, बॅंडच्या मधून, घराकडं चालायला लागली. टेबलावर पाहुण्यांसाठी अजून बाटल्या होत्या. मी ताट तिथंच ठेवलं, एकेक करून सगळ्या बाटल्या पदरात घातल्या आणि तिच्या मागं निघाले. मला अडवायची कोणाची छाती झाली नाही.