शेवंतीच्या आधी अण्णाचं डोकं

सागरचा फोन आला तेव्हा मी निपाणीच्या बाजारात वांगी निवडत होते. "आत्या, अण्णा गेलं," एवढंच तो म्हणाला. मी "बरं" म्हटलं, फोन पिशवीत टाकला आणि भाजीवालीला सांगितलं, "अर्धा किलोच दे गं, जास्त नको." घरी आले, वांगी भांड्यात ओतली आणि मग ओट्यापुढं जी फतकल मारून बसले, ती उठवेना. त्या वांग्यांचं पुढं काय झालं, मला आजही आठवत नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. त्याला गावात सगळी अण्णाच म्हणायची, त्याचा पोरगा सागरसुद्धा. बेळगुंदीत आमचं माहेरचं घर, थोडी भाताची शेती आणि गोठ्यात शेवंती. शेवंती म्हणजे वरातीची पांढरी घोडी. आसपासच्या गावांतले कितीतरी नवरदेव तिच्या पाठीवरून मांडवात गेले. अण्णाला लेकीची भारी हौस, आणि झाला एकटा सागर. घोडी दारात आली त्या दिवशी वैनी म्हणाली होती, "आली बघा यांची लेक!" आणि लेकीनंही लाड करून घेण्यात कसूर केली नाही. गूळ स्वतःच्या हातानं भरवल्याशिवाय बाईसाहेब खायच्या नाहीत.

चातुर्मासात लग्नं नसतात, आणि आमच्याकडचा पाऊस तर एकदा लागला की लागला. चार महिने गोठ्यात उभं राहून शेवंती पार वैतागून जायची. एक पाय टेकवला की दुसरा उचल, दावं चाव, भिंतीला अंग घास... अंगावर केस वाढलेले, लीद-मुतानं पिवळे पडलेले. तुळशीचं लग्न झालं की वराती सुरू, त्याआधी ते केस मशीननं उतरवायलाच लागतात. नाहीतर मखमली झुलीखाली घाम मुरतो आणि पट्ट्याखालचं कातडं सोलवटतं. एका साली अण्णा तापानं पडला आणि हे काम राहून गेलं, तर घोडीच्या पोटाखाली जखमा झाल्या. त्यावर हळदीचं तेल लावताना अण्णा लहान पोरागत रडला होता.

पण मशीनचा तिला भयंकर धसका. आधी ती चिकोडीकडच्या एका घोडागाडीवाल्याकडं होती. तिथं तिच्या वरच्या ओठाला दोरी पिळून, तिला जागच्या जागी खिळवून केस काढायचे. गावातल्या शहाण्यांनी अण्णालाही तोच सल्ला दिला. अण्णा म्हणाला, "आधी तुझ्या ओठाला पिळून बघू काय?" मग कुणी परत तो विषय काढला नाही.

अण्णाची तऱ्हा वेगळी. पाऊस उघडला की रोज सकाळी तो तिला बांधाबांधानं लांब फिरवून आणायचा. म्हणायचा, "अंग आंबलंय तिचं, मोकळं होऊ दे." मग रिठ्याच्या पाण्यानं अंघोळ, उन्हात वाळवणं, आणि धुळीचा कण राहू नये म्हणून खरारा. एवढं झालं की भाऊबीजेला मी येणार. माझं ओवाळून झालं रे झालं, की हा घमेलं पालथं घालून शेवंतीपुढं बसायचा आणि मशीन माझ्या हातात द्यायचा. "मास्तरीण, चालीव!" आयुष्य गेलं पोरांना पाढे शिकवण्यात, मला केस कापणं कुठनं येणार? मी त्याच्या डोक्यावर डोंगरदऱ्या करून ठेवायची. वैनी पदर तोंडाला लावून हसायची, आणि शेवंती कान टवकारून बघत राहायची. मशीन घरघरतंय आणि आपला माणूस तर खिदळतोय, हे तिला हळूहळू पटायचं. मग अण्णा पडलेले केस ओंजळीत घेऊन तिच्या नाकाशी धरायचा. ती फुर्रकन उडवायची, ते सगळे त्याच्याच तोंडावर. "बघ, माझं झालं. आता तुझं." तेव्हा कुठं ती अंगाला मशीन लावू द्यायची. तेही सुखानं नाहीच... सारखी चुळबुळ, सारखे पाय बदलणं, मधूनच अण्णाच्या पाठीत शेपटीचा फटका. सकाळी धरलेलं काम दिवस मावळला तरी उरकायचं नाही. भाऊबीजेला भावाचं डोकं भादरणारी दुसरी बहीण कुठं असेल तर मला दाखवा.

शेवटची भेट गणपतीतली. त्यानं खाट गोठ्याच्या दारात घालायला लावली होती. हाडांचा नुसता सापळा उरला होता. माझा हात धरून म्हणाला, "शेवंतीला व्यापाऱ्याच्या हातात जाऊ देऊ नगंस गं. ती दोरी पिळत्यात." मी म्हटलं, "तूच बघशील की, तुला काय धाड भरलीय?" तो हसला. दोघांनाही सगळं कळत होतं.

दसऱ्यानंतर तो गेला. भावाशिवायच्या भाऊबीजेला जाऊच नये असं वाटत होतं, पण पाय बेळगुंदीकडंच वळले. सागर बेळगावातल्या कारखान्यातून रजा काढून आला होता. त्यानं घोडीला फिरवलं होतं, धुतलं होतं, खरारा केला होता, सगळं बापासारखं. पण मशीन नुसतं सुरू केलं आणि शेवंती दावं ताणून भिंतीला जाऊन भिडली. सागर घामाघूम झाला. "आत्या, औंदा हिनं मशीन लावू दिलं न्हाय तर ठिवून काय करू? परत जखमा व्हायच्या. एक व्यापारी बघून गेलाय..."

"अरे, आधी डोकं लागतं," मी म्हटलं. त्यानं टोपी काढली. बापाच्या दहाव्याला मुंडण केलेलं, वर नुसते खुंट. भावकीतल्या पुरुषांची डोकी तशीच. घोडीपुढं कापायला कुणाच्या डोक्यावर केस म्हणून नव्हते.

तेवढ्यात वैनी पुढं आली. पदर मागं सारत म्हणाली, "माझं काढा." नवरा जाऊन महिना झाला नाही आणि ही बाई मशीनखाली डोकं द्यायला निघाली! जुन्या काळी बायकांच्या डोक्याचं काय करत, ते काय मला माहीत नाही? "गप बस गं," मी ओरडले, "तुझ्या केसाला हात लावला तर अण्णा वरनं शिव्या घालंल मला." आणि मीच घमेल्यावर बसले.

"आत्या, लोक काय म्हणतील?"

"लोक येणार हायत घोडी सांभाळायला? चालीव!"

मानेवरून मशीन गारेगार फिरलं. माझे पांढरे केस सागरनं ओंजळीत घेऊन शेवंतीच्या नाकाशी धरले. तिनं वास घेतला, मान उंच केली आणि आमच्या डोक्यांवरून दाराकडं बघत राहिली... किती तरी वेळ. दारात कुणी नव्हतं. मग तिनं मान खाली घातली.

सागरनं खांद्यापासून सुरुवात केली. ती हलली नाही. पाय उचलला नाही, शेपूट मारली नाही. पिवळट केस खाली पडत गेले आणि आतून पांढरीशुभ्र घोडी निघत गेली. "त्या व्यापाऱ्याला नगं म्हणून सांग," वैनी म्हणाली. मला बरं वाटायला हवं होतं, पण रडू काही आवरेना. अण्णापुढं जी कधी घडीभर धड उभी राहिली नाही, ती आज खांबागत उभी होती. मला तिची चुळबुळ बघायची होती.

आणि सागर मशीन फिरवता फिरवता तिच्याशी बोलत होता, "थांब गं बाय, थांब... झालंच आता..."

मी डोळे पुसत म्हटलं, "अरे, ती थांबलीच आहे की."

"कळतंय आत्या," तो मान वर न करता म्हणाला. "पण अण्णागत बोलल्याबिगर माझा हात चालंना झालाय."