वर्ष पाळतेय, तरी शनिवारी पुन्हा सिनेमाला

मंडळी, आज दुपारी नेपरव्हिलच्या थिएटरमध्ये त्या सुपरहिरो कॉमेडीचा दुसरा भाग पाहिला. पहिला सुधीरबरोबर पाहिला होता. माझा नवरा सुधीर उन्हाळ्यात गेला.

येताना ग्रोसरीत आपल्या फिल्म क्लबचे जोशीकाका भेटले.

"तो सिनेमा? समीक्षकांनी पार धुतलाय गं, बालिश म्हणतात. आणि तुझं अजून वर्षही झालं नाही."

"तुम्ही पाहिलात, काका?"

"छे, रिव्ह्यू वाचले."

तिथे वाद नको म्हणून मी सामान घेऊन निघाले, आता इथे लिहितेय. वर्ष मी पाळतेय. दिवाळीला कंदीलही लावला नाही. पण सुधीर गेल्यापासून आज पहिल्यांदा पोट धरून हसले, आणि अख्खं थिएटर माझ्यासोबत हसत होतं. त्या सिनेमाला मी कुणालाही बालिश म्हणू देणार नाही.

शनिवारी पुन्हा जाणार आहे. काका, तुमचंही तिकीट काढलंय. आणखी कोण येतंय?